तोफ, भट्टी आणि मधला प्लाय

कानांच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये. माझं सलून आहे. उभा जन्म लोकांच्या कानांभोवती कात्री फिरवण्यात गेला. कान म्हणजे काय चीज असते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यातून मी तोफेचा चाहता. साधासुधा नाही, अस्सल! तोफ रॅप करायला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं आणि माझ्या डोक्यावर केस होते. आता दोन्हीकडची परिस्थिती उलट आहे.

ज्यांना ठाऊक नाही, त्या अभागी जिवांसाठी सांगतो. तोफ तालावर धडाधड शब्द फेकायचा आणि तो ताल, ते संगीत भट्टी नावाचा त्याचा जोडीदार बनवायचा. दोघं मिळून राज्य करत होते. मग कशावरून तरी बिनसलं आणि दोघांनी मुलाखती देऊन एकमेकांची यथेच्छ धुणी धुतली. चाहत्यांत दोन तट पडले. आमच्या सलूनमध्येही पडले. तिथे खुर्च्याच दोन होत्या, एक माझी आणि एक दाजींची.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. माझ्या हातात वस्तरा त्यांनीच दिला. पण माणूस भट्टीवाला! "तोफ म्हणजे नुसती तोंडाची वाफ," असं ते भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर म्हणाले. मी म्हणालो, "आणि भट्टी म्हणजे नुसते रिकामे डबे!" शब्दाने शब्द वाढला आणि त्याच आठवड्यात सलूनच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. पायरी एक, दारं दोन. टॉवेल वाटले, पावडरचे डबे वाटले, स्पीकरची जोडी होती तीही वाटली. डावा मला, उजवा त्यांना. अ‍ॅम्प्लिफायर तेवढा मधोमध कापता येईना, म्हणून तो प्लायच्या माथ्यावर बसवला. त्यावर रेडिओ लागायचा. दोन्हीकडे सारख्याच बातम्या, त्यामुळे तक्रार नव्हती.

खरं सांगू? पलीकडे दाजींची कात्री वाजायची, त्यांचं खाकरणं ऐकू यायचं, आणि मला त्यांची आठवण यायची. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाची! पण आधी बोलायचं कुणी? मी धाकटा असलो तरी तोफेचा माणूस होतो.

अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस बातमी आली की तोफ आणि भट्टी यांचं जमलं! दोघांचा नवा अल्बम येतोय, नाव 'मिटलं एकदाचं'. ताईने लगेच आम्हा दोघांना पायरीवर उभं केलं.

"त्या दोघांचं मिटलं ना? मग आज तुमचंही मिटलं. मी सुताराला बोलावलंय. आज हा प्लाय निघाला नाही, तर मी तुमच्या दोघांशीही बोलणार नाही. मग बसा तोफेशी नि भट्टीशी गप्पा मारत!"

ताई बोलली की करते. दाजींचा चेहरा पडला, माझाही पडला. पण मी लगेच योजना मांडली. आधी आपापल्या माणसांना जमवून अल्बम ऐकायचा आणि शेवटच्या गाण्याला समारंभपूर्वक प्लाय पाडायचा! दाजी म्हणाले, "मेव्हणे, पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललात." इतक्या वर्षांनी ते माझ्याशी बोलले, आणि तेही टोमणा मारून. मला फार बरं वाटलं.

माझ्या बाजूला गॅरेजवाला आला, कट्टर तोफवाला. खुर्चीत पासपोर्टच्या फोटोसाठी केस कापायला आलेले एक सज्जन होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, ही त्यांची चूक. पलीकडे दाजींकडे औषधाच्या दुकानातले केमिस्ट आले. मी फोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, आवाज पूर्ण वाढवला आणि अल्बम सुरू केला.

तोफ बोलायला लागला. नुसताच बोलायला लागला! ना ताल, ना ठेका, ना एखादी टिचकी.

"संगीत कुठाय?" गॅरेजवाल्याने विचारलं. "हा तर पाणीपट्टी भरा म्हणून सांगत फिरल्यासारखा बोलतोय."

"अरे, हेच तर धाडस!" मी म्हणालो. "भट्टीला घरी बसवलं यानं! शब्द एके शब्द! वा रे पठ्ठ्या!"

मी आनंदाने सज्जनांच्या मानेवर मशीन फिरवत होतो. तेवढ्यात प्लाय हादरायला लागला. धम्, धम्, धम्! कोणीतरी पलीकडून लाथा मारत होतं. माझ्या लक्षात आलं. दाजींचा जळफळाट!

"दाजी, हरलात तर हरलात!" मी ओरडलो. "लाथा कशाला मारता?"

"लाथा कोण मारतंय?" पलीकडून आवाज आला. "तुम्हीच केव्हाचे भिंतीला तोंड लावून बडबडताय! इथं एवढं सुंदर संगीत चाललंय. भट्टीनं तोफेला एक शब्द बोलू दिला नाही. त्याचं दुःख आमच्यावर काढू नका!"

"एक शब्द नाही? अहो, शब्दांशिवाय काहीच नाही यात!"

"कान तपासून घ्या मेव्हणे!"

माझे कान! माझ्या कानांवर आले! हातातलं मशीन सरसर वर गेलं.

"मागे काय झालं हो?" सज्जनांनी विचारलं.

"फॅशन," मी म्हणालो.

इकडे गॅरेजवाल्याने चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं, 'तोफ म्हातारा झाला, नुसती बडबड.' तो माझ्या बाजूचा असून! पलीकडून केमिस्टने टाकलं, 'भट्टीला वेड लागलंय, गाणारा आणायलाच विसरला.' मी लिहिलं, 'अल्बम अजरामर, भट्टीचा कायमचा निकाल.' दाजींनी लिहिलं, 'अल्बम अजरामर, तोफेची बोलती बंद.' ग्रुपवरचे बाकीचे विचारायला लागले, "तुम्ही सगळे एकच अल्बम ऐकताय ना?"

ताई पायरीवर उभी होती. दोन्ही दारांतून आत डोकावून म्हणाली, "ठीक आहे की! बोलतोय ठीक, वाजतंय ठीक. एवढं बोंबलण्यासारखं काय आहे त्यात?"

तिची कीव येऊन आम्ही दोघं दोन्हीकडून हसलो. "ताई, तुला रॅपमधलं काय कळतंय!"

"मला नाही कळत," ताई म्हणाली, "पण सुतार आलाय."

"प्लाय निघणार नाही!" मी गरजलो. "निघणार नाही!" दाजी पलीकडून. भिंत राहावी यावर आमचं एकमत झालं होतं. ताईचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण माघार कशी घेणार? ताईने पदराने डोळे पुसले आणि सुताराला मान हलवली. त्याने वाजता अ‍ॅम्प्लिफायर अलगद उतरवून खाली ठेवला आणि पहार लावली. कर्रर्र करत प्लाय सुटला आणि खाली आला.

आणि सलूनमध्ये संपूर्ण गाणं वाजायला लागलं!

माझ्या डाव्या स्पीकरमधून तोफेचा आवाज, दाजींच्या उजव्या स्पीकरमधून भट्टीचं संगीत, आणि मध्ये आम्ही, तोंडं उघडी टाकून. गॅरेजवाला फोनमध्ये बघत म्हणाला, "अहो, मुद्दामच तसं बनवलंय! एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला हा. मध्ये बसून ऐका म्हणून लिहिलंय इथं."

दाजींनी माझ्या हातातलं मशीन काढून घेतलं. "मेव्हणे, हे असं धरतात होय? हेच शिकवलं होतं मी?" आणि ते सज्जनांची मान दुरुस्त करायला लागले. मी मुकाट्याने टॉवेल धरून उभा राहिलो. दुरुस्ती करता करता सज्जनांचं पूर्ण टक्कल झालं, पण दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

अल्बम आम्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकला, मधोमध बाक टाकून, शेजारी शेजारी बसून. संपला.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"ठीकच आहे," दाजी म्हणाले.

"ठीकच," मी म्हणालो.

ताई आमच्याकडे नुसती बघत राहिली. ते जास्त झोंबलं.

"हा प्लाय कुठं टाकू?" सुताराने विचारलं.

"जाळून टाका!" ताई म्हणाली.

तेवढ्यात गॅरेजवाला फोनमधून वर बघत म्हणाला, "दोघांचा दुसरा अल्बम येतोय म्हणे."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "राहू द्या. मोरीपाशी उभा करून ठेवा. चांगला प्लाय आहे."

मी जमिनीवर सांडलेले खिळे वेचले आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात नीट भरून ठेवले.