अंबूराजांचे रडे मोडिले त्याची हकीकत

श्री बाळजीव राखणारी माउली समर्थ. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राजे दूरदेशी मोहिमेवर, आणि दरबारचा कारभार राणी विभावरीबाईसाहेब पाहात. कन्या अंबूराजे दीड वर्षांच्या. सकाळी बाईसाहेबांनी आरशापुढे कुंकवाची डबी उघडावी, की अंबूराजांनी ओळखावे, आता आई निघाली, आणि ऐसा आकांत करावा की पालखीचे भोईही माना खाली घालीत. मग बाईसाहेब कुंकू पालखीतच लावू म्हणोन उठल्या, तों दाई भिमाक्का आडवी जाहली. म्हणाली, "मोकळ्या कपाळानं उंबरा ओलांडायचा नाही, बाईसाहेब. राजे मोहिमेवर हाईत. पोरीचं काय, रडंल नि गप बसंल."

बाईसाहेबांनी विद्याभ्यासकाळच्या पोथ्या काढिल्या. त्यांत पंडितांनी लिहिले होते, ज्या खुणेचे भय, तीस गोडाची जोड द्यावी, म्हणजे भय विरते. मग आज्ञा जाहली की डबी उघडताच दाईने अंबूराजांचे हाती बेदाणा द्यावा, घशात अडकेल म्हणोन चिरून द्यावा. पहिले चार दिवस बेदाणे भिंतीवर गेले. आठवे दिवशी आकांत हुंदक्यावर आला, आणि एकविसावे दिवशी डबी वाजताच अंबूराजे हसल्या आणि हात पसरून धावल्या, दाईकडे.

"जिंकलंत की," दाई म्हणाली. "आता सुखानं जावा."

बाईसाहेबांनी पदर सारखा केला, आणि पुन्हा सारखा केला, आणि "येते हं, अंबू" ऐसे बोलिल्या. अंबूराजे बेदाणा चघळीत होत्या, वळल्या नाहीत. मग बाईसाहेब बाहेर येऊन दारास कान देऊन उभ्या राहिल्या, आणि ऊन पायरीवर आले, आणि दाईने दार उघडिले.

"काही राहिलं का?"

"नाही. रडते का, ऐकत होते."

"छ्या, खेळतीया. आणू का रडवून?"

"नको." मग म्हणाल्या, "मी गेल्यावर दाराकडे बघते का गं कधी?"

"बघती की," दाई म्हणाली, "बेदाणे संपले की."

येणेप्रमाणे अंबूराजांचे रडे एकवीस दिवसांत मोडिले, पोथी खरी ठरली, राज्यात सर्वांस आनंद जाहला. बाईसाहेब मात्र रोज दाराबाहेर येऊन उभ्या राहतात, आणि भोयांसही सवय जाहली. त्या बाहेर आल्या तरी ते आताशा लगेच उठत नाहीत.