अकरा नंबरचं घुबड

आमच्या शाळेत तिसरीचे गाजूल सर रोज दोन हजेऱ्या घेतात. पहिली पोरांची, दुसरी टॅबची.

"टॅब एक?" असं ते म्हणाले की ज्याच्या हातात एक नंबरचा टॅब असेल त्यानं तो डोक्यावर धरायचा आणि टॅबच्या वतीनं ‘हजर सर’ म्हणायचं. असे बारा टॅब. अकरा नंबर मात्र कुणाच्याच हातात नसतो. खिडकीजवळच्या बाकावर तो एकटाच भिंतीला टेकवून उभा केलेला असतो. सर "टॅब अकरा?" म्हणतात, चष्म्यावरून तिकडं बघतात, जरा थांबतात आणि वहीत टिक करतात. कुणीही काही बोललेलं नसतं. मी पलीकडे दुसरी शिकवते, मधे नुसतं पत्र्याचं पार्टिशन आहे. रोज ती टिक होईपर्यंत माझ्या अंगावर काटा उभा राहतो.

मी मूळची मोहोळची. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण भुताला लागणारं सगळं सामान एकाच वर्गात गोळा झालं तर माणसानं काय करायचं, सांगा बरं?

आमची शाळा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला चिकटून आहे. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत मागून यंत्रमागांची खटखट चालू. निम्म्याहून जास्त पोरं मागावरच्या कामगारांची, घरी तेलुगू बोलणारी. पुण्याच्या एका संस्थेनं टॅब दिले तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले होते ते गाजूल सरच. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. स्वतःचा मोबाईलसुद्धा ते तापलेला तवा धरावा तसा दोन बोटांत धरायचे. पण महिनाभरात कसली जादू झाली कोण जाणे, टॅब म्हणजे सरांचा संसारच झाला. प्रत्येकाला एक छोटा टॉवेल. संध्याकाळी प्रत्येक टॅब पुसून, टॉवेलात गुंडाळून कपाटात निजवायचा, तोही उत्तरेला डोकं न करता. मी एकदा विचारलं, "सर, टॅबचं डोकं कुठलं हो?" तर म्हणाले, "कॅमेरा असतोय तिकडं ओ! डोळा असतोय तितंच डोकं असणार की."

दसऱ्याला मागाची पूजा करतात तशी त्यांनी टॅबची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, वर नारळ फोडला. त्या पाण्यानं पाच नंबर दोन आठवडे दुरुस्तीला गेला. "यंत्रालापण आब असतोय, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बिघडलं तरी हेच आणि चाललं तरी हेच.

त्या टॅबमधे वाचनाचं ॲप आहे. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, आवाज साठवतं आणि चांदण्या देतं. आणि ऐकणारं कोण? तर घुबड! कुठल्या शहाण्यानं लहान पोरांपुढं घुबड आणून बसवलं देव जाणे. पालकसभेत आयांनी नुसता गोंधळ घातला. शेवंतामावशी, म्हणजे आमच्या शिपाईबाई, त्यांनी तर वर्गाच्या दाराला लिंबूमिरची बांधली. ते घुबड मोठे डोळे उघडझाप करत नाकात म्हणतं, "ये, वाचू या." वाचून झालं की म्हणतं, "शाब्बास!" आणि एकवीस दिवस मूल आलं नाही की ते डोळे मिटून घेतं आणि त्या मुलाचं खातं पुसून टाकतं. चांदण्या, आवाज, सगळं.

अकरा नंबर श्रावणीचा होता. एवढीशी पोरगी, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडाला जन्माचं कुलूप. पहिली गेली, दुसरी माझ्या हाताखालून गेली, पण एक अक्षर बोलली असेल तर शपथ. मी गोडीनं विचारलं, रागावले, चॉकलेट दिलं. चॉकलेट खाल्लं आणि गप्प. तिसरीत सरांनी तिच्या हातात टॅब दिला. ती तो घेऊन बाकाखाली जाऊन बसली. शाळा सुटल्यावर सर धावत माझ्या वर्गात आले. "बाई, पोरगी बोलती! घुबडाशी बोलती!" त्यांनी मला आवाज ऐकवला. बारीक, थरथरता, एकेक अक्षर चाचपत येणारा. ‘ए-क बो-कड हो-ता.’ खरं सांगते, मला भरून आलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर श्रावणी आलीच नाही. तिचा बाप ज्या कारखान्यात होता तो बंद पडला आणि ते कुटुंब कुठं गेलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. बापाचा नंबर लागेना. त्या दिवसांत तापाची साथ होती, आणि वस्तीत कुणीतरी म्हणालं की मागवाल्याची एक पोरगी गेली. कुठली, कुणाची, काही पत्ता नाही. सरांनी हे ऐकलं आणि ते वर्गात निघून गेले.

त्यानंतर साधारण महिन्यानं ते घडलं. शाळा सुटून अर्धा तास झाला असेल, मी वह्या तपासत बसले होते. लाईट गेली. लाईट गेली की मागची सगळी खटखट एकदम बंद पडते, आणि इतकं शांत होतं की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. त्या शांततेत पार्टिशनपलीकडून आवाज आला.

‘ए-क बो-कड हो-ता.’

माझ्या हातातलं लाल पेन खाली पडलं. मी उठून बाहेर आले. तिसरीच्या दाराला आतून कडी. ‘त्या-ला छ-त्री ह-वी हो-ती.’ मग ते नाकातलं, "शाब्बास, श्रावणी!" शेवंतामावशी झाडू छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या होत्या. "बाई, रोज असतंय हे," त्या कुजबुजल्या. "पोरगी येती बगा. मी आत बगितलं न्हाय, आन बगनारबी न्हाय."

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. पोरगी नव्हती. अंधाऱ्या वर्गात गाजूल सर बाकावर हात जोडल्यासारखे बसले होते. समोर त्यांचा मोबाईल आणि अकरा नंबरचा टॅब, एकमेकांकडं तोंड करून उभे. मोबाईलमधून श्रावणी वाचत होती आणि टॅबमधलं घुबड डोळे मोठे करून ऐकत होतं. सरांचा चेहरा त्या निळ्या उजेडात ओळखू येत नव्हता. संपलं की ते पुन्हा सुरू करायचे. मी तिथून गेले, पर्ससुद्धा वर्गातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं. लपवाछपवी मला जमत नाही. "सर, हे काय चाललंय?"

"आधी मीच वाचून बघितलं की," ते म्हणाले. "पोरीसारखा बारीक आवाज काढून. घुबड म्हणलं, पुन्हा प्रयत्न कर. अकरा दिवस मला नापास केलं ओ त्यानं! मग टॅबमधला तिचाच जुना आवाज मोबाईलवर घेऊन ऐकवला. पास."

"पण कशासाठी?"

"ती आली आणि घुबडानं ओळखलं नाही तर? पुन्हा गप्प बसंल की."

"मग जाऊन चौकशी करा ना, कुठं गेलेत ते!"

सर टॅब पुसत राहिले. मग म्हणाले, "विचारलं आणि भलतंच कळलं तर काय करू, बाई?"

असं दीड वर्ष गेलं. श्रावणीबरोबरची पोरं चौथीत गेली. नवीन तिसरी आली, ती त्या बाकाला वळसा घालून चालायला शिकली. आणि एका शनिवारी पुण्याहून संस्थेच्या मॅडम आल्या. हातात दप्तर, प्रमाणपत्र, पेढे. सगळ्या पोरांना तिसरीच्या वर्गात एकत्र बसवून म्हणाल्या, "तुमच्या शाळेत एक मुलगी आहे, जिनं गेल्या वर्षभरात शाळेच्या एकाही दिवशी वाचन चुकवलेलं नाही! आमच्या सगळ्या शाळांत पहिली! कुठं आहे श्रावणी?"

पोरांनी एकाच वेळी माना वळवून त्या रिकाम्या बाकाकडं बघितलं. मॅडमनीही बघितलं. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. सर उभे राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. मॅडम तरुण होत्या, वाईट नव्हत्या, पण त्यांनी मान हलवली. "सर, मूल नाही आणि खातं चालू, हे चालत नाही. आज जाताना मला ते बंद करावं लागेल. मुलगी दुसऱ्या शाळेत असली आणि पालक हो म्हणाले, तर तिकडं पाठवता येईल. नाहीतर नाही."

"मॅडम," सर म्हणाले, "मी तिसरीपर्यंत वर्गात बोललो नव्हतो. घरी तेलुगू, हितं मराठी, तोंडच उघडायचं नाही. हजेरीला नुसता हात वर करायचो. एक दिवस गुरुजींनी माझं नाव पटावरून काटलं. म्हणाले, हा येतच नाही. मी समोर बसलो होतो ओ! पहिल्या बाकावर!"

आता सांगायला लाज वाटते, पण माझा सगळा राग त्या क्षणी त्या बिचाऱ्या मॅडमवर निघाला. "संध्याकाळपर्यंत थांबा," मी खेकसले, "एक खातं उघडं राहिलं तर तुमचं काय जळतंय?" आणि शेवंतामावशींकडं वळले. मावशींचे मालक मागावरच कामाला. त्यांनी एक फोन केला, तिथून दुसरा, आणि पंधरा मिनिटांत नंबर हजर. भिवंडीचा. दीड वर्ष जे विचारायचं धाडस झालं नाही ते पंधरा मिनिटांचं काम होतं.

फोन माझा, स्पीकर चालू. बापानं उचलला. सरांनी तेलुगूत काहीतरी विचारलं आणि भिंतीला हात टेकला. मला तेलुगू येत नाही, पण पलीकडचा माणूस हसत बोलत होता, एवढं मला कळलं. सर माझ्याकडं वळून म्हणाले, "हाय. चौथीला हाय." एवढंच. बापानं खात्याला होकार दिला, मॅडमनी लिहून घेतलं. मग तो म्हणाला, पोरगी इथंच आहे, बोला.

फोनमधे नुसता श्वास ऐकू येत होता.

"श्रावणी, मी गाजूल सर." श्वास. "ओळखलं का?" श्वास. मॅडम, मावशी, सगळी पोरं कान देऊन बसलेली. तो श्वास पत्र्याच्या वर्गात इतका जवळ वाटत होता की मी मागं वळून पाहिलं. सरांनी डोळे पुसले. मग त्यांनी नाक चिमटीत धरलं, फोनजवळ वाकले आणि म्हणाले, "ये, वाचू या."

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज झाला. आणि ती वाचायला लागली. चौथीच्या पुस्तकातला धडा, विहिरीचा कसला तरी. अक्षर अडलं नाही की शब्द तुटला नाही. ज्या आवाजाला सर दीड वर्ष रोज जपत होते तो हा नव्हताच, ही कुणी मोठी पोरगी होती. सर ऐकत होते आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. धडा संपला. ती थांबली. मग म्हणाली, "म्हण की."

सर दोन्ही हातांनी चेहराच पुसत राहिले. शेवटी मीच नाक दाबलं आणि म्हणाले, "शाब्बास, श्रावणी!" पोरं हसली नाहीत, हे त्यांचे उपकार.

"उद्यापण वाचू?" तिनं विचारलं.

सरांनी जोरजोरात मान हलवली.

"अहो सर, मान हलवून काय उपयोग?" मी म्हणाले. "तिला दिसतंय का? तोंडानं सांगा."

सरांनी नाकावरचा हात खाली घेतला आणि स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वाच की."

पुन्हा तो श्वास आला, बराच वेळ. मग ती म्हणाली, "बरं, सर."