बाबांची निश्चित जागा

पाणीपुरवठा कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने भर कामाच्या वेळेत, बिलाच्या खिडकीवर बसल्या बसल्या, वीस मिनिटं रडून काढली. त्याच्या रडण्याला कुणाची हरकत नव्हती. पण हजेरीपटात त्यासाठी रकाना नव्हता, त्यामुळे वरच्या कार्यालयाला या प्रकाराची गंभीर दखल घ्यावी लागली. कर्मचाऱ्यांचं मन यापुढे दरवर्षी तपासायचं ठरलं. ते कसं तपासायचं, यावर समितीच्या सहा बैठका झाल्या. शेवटी परिपत्रक निघालं, की घर नीटनेटकं असलं की मन स्वस्थ राहतं हे सर्वमान्य असल्याने, आणि मन प्रत्यक्ष पाहण्याची सोय नसल्याने, घरच तपासण्यात येईल.

त्याच कार्यालयातल्या आवक-जावक कारकुनाने परिपत्रक दोनदा वाचलं. अकरा वर्षं तो हंगामी होता. कायम होण्याची त्याची फाइल कशीबशी शेवटच्या टेबलावर पोचली होती, आणि आता तिला मनःस्वास्थ्याचा दाखला जोडायचा होता. तोवर आपल्याला मन आहे आणि ते बिघडू शकतं, याचा विचार करायला त्याला सवड मिळाली नव्हती.

तपासनीस बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा घरात नेहमीचंच चाललं होतं. बायको शिवणयंत्रावर शेजारणीचं पोलकं शिवत होती, जमिनीवर चिंध्या होत्या, आणि जेवायच्या टेबलावर बाबांनी जुन्या रेडिओची आतडी बाहेर काढून मांडली होती. रेडिओ गेली चार वर्षं दुरुस्त होत होता. तो वाजावा अशी बाबांचीही फारशी इच्छा नव्हती. बाईंनी चाळीस मुद्द्यांचा तक्ता भरला आणि कारकुनाचं मन मध्यम अस्वस्थ असल्याचं जाहीर केलं. आता पूर्ण गुण मिळेपर्यंत फेरतपासणी होणार होती.

"पण मला तर बरं वाटतंय," कारकून म्हणाला.

"तो मुद्दा तक्त्यात नाही," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मात्र त्याला खरोखरच अस्वस्थ वाटू लागलं, आणि तपासणी किती अचूक आहे हे त्याला पटलं. नियम साधा होता: ज्या वस्तूला निश्चित जागा नाही, तिने घरात राहू नये. शिवणयंत्र गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या ताईकडे, म्हणजे कारकुनाच्या थोरल्या बहिणीकडे गेलं. रेडिओ भंगारात गेला. उरलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागेवर तिच्या नावाची चिठ्ठी लागली. रिकाम्या कोपऱ्यावरून फडकं फिरवताना बायकोला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला.

दुसऱ्या तपासणीत बाबा अडचणीचे ठरले. हाताला काम नसल्याने ते दिवसभर घरात फिरत. बाई आल्या तेव्हा ते गॅलरीत होते, मग स्वयंपाकघरात दिसले, मग दारामागे. बाईंनी तक्त्यात लिहिलं: एक नग, जागा अनिश्चित.

"ते माझे वडील आहेत हो," कारकून म्हणाला.

"असू देत ना. पण त्यांची जागा कुठली?"

कारकुनाने खिडकीपाशी खुर्ची ठेवली आणि इतर वस्तूंप्रमाणे तिच्याही वर भिंतीला चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर 'बाबा' लिहिताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण अक्षर त्याने सुवाच्य काढलं. बाबा शहाण्यासारखे तिथे बसू लागले. तिसऱ्या तपासणीला ते तासभर हलले नाहीत. शेवटी बाईंना ठसका लागला आणि बाबा सवयीने पाणी आणायला उठले. एक गुण गेला.

"मी ताईकडे जातो," त्या संध्याकाळी बाबा म्हणाले. "तिच्याकडे आधीच एवढा पसारा आहे, त्यात मी खपून जाईन."

कारकुनाने नको म्हणायला हवं होतं. त्याच्या ओठांवर ते आलंही होतं. पण फाइल डोळ्यांपुढे आली, आणि तो बाबांची पिशवी भरू लागला.

बायको त्यांना पोचवायला म्हणून गेली, ती चार दिवस झाले तरी आली नाही. त्याने फोन केला. मागे शिवणयंत्राची खडखड ऐकू येत होती, आणि बाबा कुणाला तरी पक्कड मागत होते.

"अहो, येईन की," ती म्हणाली. "पण मी आले तर माझी चिठ्ठी कुठे लावणार, तेवढं आधी ठरवून ठेवा."

चौथ्या तपासणीत चाळीसपैकी चाळीस गुण मिळाले. असं घर आपण आजवर पाहिलं नव्हतं, असं बाईंनी शेऱ्यात नमूद केलं.

"मला इथे करमत नाही हो," कारकून हळूच म्हणाला.

बाईंनी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासला. "गुण तर पूर्ण आहेत," त्या म्हणाल्या. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

आठवड्याभरात तो कायम झाला. त्याच्या बैठकीच्या खोलीचा फोटो कार्यालयाच्या दर्शनी भागात लागला आणि तिथून सगळीकडे फिरला. फोटोत एक स्वच्छ फरशी होती, एक पांढरं कपाट होतं आणि कपाटाशेजारी कायमस्वरूपी कारकून एकटाच उभा होता. त्याचा चेहरा नीट दिसत होता. आपणही तो फोटो बराच वेळ पाहिला, चार जणांना पाठवला, आणि विचारलं ते एवढंच, की कपाट कुठून घेतलं.