दादासाहेबांची ठोंब्यावरील स्वारी आणि पलंगावरचा तह

प्रारंभी वंदन त्या सर्व पूर्वजांस, ज्यांनी संकट दिसताच मागे न पाहता पळ काढिला आणि म्हणोन ज्यांचा वंश पुढे चालला. मग लेखनास आरंभ. दादासाहेबांची आज्ञा जाहली की, बहिणीच्या घरची मोहीम जैशी घडली तैशी, कमीजास्त न करिता, लिहून ठेवावी. आणि सेवकाने दौत उघडली न उघडली तोच दुसरी आज्ञा सुटली की, जेथे आम्ही घाबरून पलंगावर चढलो, तेथे 'उंच जागा पाहून मोर्चा धरिला' ऐसे लिहावे. सेवकाने दोन्ही आज्ञा शिरसावंद्य मानिल्या आहेत. वाचणाराने समजोन घ्यावे.

दादासाहेब म्हणजे लिफ्टदुरुस्तीच्या कामात उभी हयात घालविलेले नामांकित कारागीर. उंच इमारतीच्या काळोख्या पोकळीत एका दोरावर भरवसा ठेवून उतरावे, आणि अडकलेल्या लिफ्टीतून रडत्या लेकरापासून ओरडत्या साहेबापर्यंत सर्वांस सुखरूप बाहेर काढावे, आणि वर येऊन शांतपणे चहा मागावा, ऐसी त्यांची हिंमत. परंतु प्रत्येक किल्ल्यास एक चोरदरवाजा असतो. दादासाहेब कुत्र्यास भीत. मोठ्या कुत्र्यासच भीत ऐसे नव्हे. टोपलीत मावेल ऐसे पिल्लू जरी समोरून आले तरी दादासाहेबांस एकाएकी मागच्या गल्लीत तातडीचे काम निघे. ही गोष्ट एका वहिनीसाहेबांखेरीज, म्हणजे त्यांच्या पत्नीखेरीज, साऱ्या दौलतीत कोणास ठाऊक नव्हती.

ऐसे असता दादासाहेबांच्या धाकट्या बहिणीचे यजमान निवर्तले. तेव्हा दादासाहेबांनी बहुत ममतेने निरोप पाठविला की, एकटी राहू नये, आमच्याकडे यावे. बहीण पडदे शिवण्याच्या हुन्नरात वाकबगार आणि स्वभावाने ताठ. तिचे उत्तर आले की, आपले घर सोडणार नाही. आणि मग सोबतीस म्हणोन तिने एक कुत्रा आणोन ठेविला, त्याचे नाव ठोंब्या. त्या दिवसापासून दादासाहेबांचे त्या मुलखात जाणे बंद जाहले. बहिणीने तर्क बांधिला की, भावाचे घर नाकारोन कुत्र्याची सोबत पत्करिली, याचाच दादास राग आला. हा तर्क फिरत फिरत दादासाहेबांच्या कानी आला, आणि त्यांनी तो खोडिला नाही. कारण उघड आहे. रागावलेल्या भावाचे चार माणसांत वजन राहते. भ्यालेल्या भावास कोण विचारतो? ऐसी तीन वर्षे लोटली. बहीण फोनवर बोले, आप्तांच्या घरी भेटे, आणि निघताना दरवेळी विचारी की, दादा, घरी कधी येशील? दादासाहेब म्हणत, बघू. त्या एका 'बघू'पायी ती बाई किती वेळा उशीत तोंड खुपसून रडली, हे लिहिताना सेवकास आपल्या धन्याचा राग येतो.

पुढे ऐसे वर्तमान घडले की, कोण्या गिऱ्हाइकाच्या खिडकीचे माप घेताना बहीण स्टुलावरून पडली आणि पाय मोडला आणि प्लॅस्टर चढले. मग आईच्या सेवेस परगावाहून आलेल्या भाचीसाहेबांचा फोन आला.

"मामा, आई म्हणते, पाय मोडल्यावरसुद्धा दादा येणार नसेल, तर यापुढे मी त्याला बोलावणार नाही. रागाने नाही म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली. मला त्याचीच धास्ती वाटते."

हे ऐकोन दादासाहेबांच्या हातचा पाना खाली पडला. रात्री जेवणेखाणे उरकोन मसलत बैसली. दादासाहेबांनी तजवीज मांडिली की, खिडकीखाली उभे राहोन बहिणीशी बोलावे. वहिनीसाहेबांनी ती ऐकून कपाळास हात लाविला.

"अहो, एकदा सरळ सांगून टाका की. बहीणच आहे ना तुमची? खाणार आहे का तुम्हाला?"

"ती नाही गं. तो."

अखेर स्वारीचा निश्चय जाहला. आता या घराण्याची एक जुनी रीत आहे, ती येथे सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ तिजपासोनच उद्भवला. या घराण्यात कोणाचे उणे तोंडावर काढीत नाहीत; जो तो दुसऱ्याचे मन राखण्यासाठी परस्पर गुपचूप बंदोबस्त करितो, आणि केला हे कोणास सांगत नाही. त्या रीतीस अनुसरोन वहिनीसाहेबांनी भाचीसाहेबांस गुप्तपणे कळविले की, मामांस कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात, तरी ठोंब्यास कोठे बंद ठेवावे, आणि आईस बोलू नये, तिला वाईट वाटेल. भाचीसाहेबांनी हुकूम तामील केला, आणि ठोंब्यास स्वयंपाकघरातून मागच्या बाल्कनीत घातले आणि कडी लाविली आणि आईस बोलल्या नाहीत. परंतु त्या बाल्कनीस दोन दारे, आणि दुसरे दार बहिणीच्या निजण्याच्या खोलीत उघडत होते. बहिणीनेही पलंगावर पडल्या पडल्या आपला बंदोबस्त योजिला होता. दादा इतक्या दिवसांनी येणार, त्याच्या डोळ्यांसमोर हा नको, उगाच जखमेवर मीठ, ऐसा विचार करोन तिने कुबडीच्या टोकाने कडी सरकविली आणि ठोंब्यास आत घेतले आणि पलंगाखाली घालोन 'चूप' म्हटले आणि चादर जमिनीपर्यंत सोडिली. आणि लेकीस बोलली नाही.

इकडे दादासाहेबांनी प्रस्थान ठेविले. भर उन्हाळा, तरी पायांत कामावरचे नडगीपर्यंतचे जाड बूट चढविले होते, आणि पाठीशी संत्र्यांची पिशवी घेऊन वहिनीसाहेब. इमारतीखाली पोहोचताच दादासाहेबांची नजर तेथील लिफ्टीवर गेली, आणि तिचे दार किंचित घासते ऐसे त्यांस दिसोन आले, आणि मग कर्तव्य म्हणोन त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढिला. एक स्क्रू आवळला, मग तोच सैल केला, मग पुन्हा आवळला. भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी बराच वेळ पाहोन विचारिले, "अहो, लिफ्ट चालू आहे की बंद?" वहिनीसाहेब म्हणाल्या, "लिफ्ट चालू आहे, हेच बंद पडलेत." तेव्हा निरुपाय होऊन स्वारी वर चढली.

दारात भाचीसाहेब सामोऱ्या आल्या आणि पहिल्याच वाक्यात मामांचे चिलखत उतरविले. "मामा, बूट बाहेरच काढा हं, आत्ता फरशी पुसलीय." दादासाहेबांनी आवाज खाली आणोन विचारिले की, तो कोठे आहे? उत्तर आले की, बाल्कनीत बंद, स्वतः कडी लाविली. मग दादासाहेबांची छाती फुगली, आणि ते मोज्यांनिशी, जणू हे घर रोजचेच, ऐसे चालत बहिणीच्या खोलीत शिरले. वहिनीसाहेब संत्री घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

बहिणीने भावास आपादमस्तक पाहिले. मग म्हणाली, "वाळलास की रे." खुर्चीवर अर्धवट शिवलेल्या पडद्यांचा ढीग होता, सबब ते पलंगाच्या कडेवर बैसले आणि पाय खाली सोडिले आणि प्लॅस्टरची चौकशी करू लागले. आणि त्याच समयी उजव्या टाचेस काही ओले आणि गार लागले.

दादासाहेबांनी उंच जागा पाहून मोर्चा धरिला. तो ऐशा वेगाने धरिला की बहिणीची उशी एकीकडे, औषधे दुसरीकडे, आणि दादासाहेब पलंगाच्या उशाकडील दांडा कवटाळोन भिंतीस चिकटलेले. चादर हालली आणि ठोंब्या बाहेर आला. मजबूत अंगाचा, एक कान उभा, एक पडलेला, आणि तोंडात दादासाहेबांचा मोजा. तो पायाचा कधी निघाला, याचा पत्ता खुद्द दादासाहेबांस नव्हता. ठोंब्याने मोजा खाली ठेविला आणि तो पाहुण्याकडे आशेने पाहत राहिला.

बहिणीचा चेहरा उतरला. "दादा, चुकलं माझं. तुला दिसू नये म्हणून लपवला होता. अजून गेला नाही ना राग? हे बघ, मी देऊन टाकते त्याला कोणाला तरी. बोलले आहे एकीशी. पण तू येत जा."

येथे मोहिमेचा कस लागला. 'होय, राग आहे, देऊन टाक त्यास' इतके शब्द उच्चारिले असते तर गनीम कायमचा हद्दपार होता आणि अब्रू शाबूत राहती आणि वाट मोकळी होती. दादासाहेबांच्या ओठांवर ते शब्द आलेही होते. परंतु त्यांनी पाहिले की, 'देऊन टाकते' म्हणताना बहिणीचा हात पलंगावरून खाली लोंबत होता, आणि बोटे कुत्र्याच्या पडलेल्या कानाशी चाळा करीत होती. तीन वर्षे तिच्या घरात कोण होते, हे त्यांस त्या बोटांवरून कळले. मग ते दांड्यास धरूनच बोलले.

"राग कसला डोंबलाचा! मी घाबरतो गं कुत्र्याला. लहानपणापासून. सगळ्या कुत्र्यांना."

तेव्हा बहिणीने जे विचारिले ते कोणाच्याही ध्यानी नव्हते.

"मग शाळेत जाताना मला नेहमी आतल्या बाजूने चालवायचास, ते? गाडी लागू नये म्हणून ना?"

दादासाहेबांनी मान खाली घातली. "त्या बाजूला फाटकं होती. कुत्री फाटकातून यायची."

"आणि मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, माझा भाऊ मला गाड्यांपासून जपायचा!"

मग बहीण हसू लागली, आणि ऐसी हसली की प्लॅस्टर पलंगावर आपटू लागले आणि वहिनीसाहेब व भाचीसाहेब धावत आल्या. आणि हसता हसता तिला रडू आले आणि तिने उशी उचलोन भावाच्या डोक्यात हाणिली. "तीन वर्षं, मूर्खा! मला वाटलं, मी भाऊ गमावला!" पुन्हा हाणिली. दादासाहेबांनी एकही वार चुकविला नाही. वहिनीसाहेब इतकेच म्हणाल्या की, जरा माझ्या वाटणीची एक हाणा.

सायंकाळी तह ठरला. ठोंब्याने सतरंजीच्या पलीकडे राहावे, आणि दादासाहेबांनी खुर्चीवर पाय वर घेऊन बसावयाची मुभा असावी, त्यास कोणी हसू नये. मोजा जिंकणाराकडे राहावा. आणि बहीण चालू फिरू लागेपर्यंत दादासाहेबांनी दर आठवड्यास स्वारी करावी. भाचीसाहेबांनी गळपट्टा धरिला, आणि उभयपक्षी मान्यता जाहली. मग गनिमास वश करावयाचा उपाय म्हणोन बहिणीने भावास शिकविले की, ठाम आवाजात, डोळ्यास डोळा न भिडविता, 'बस' म्हणावे. दादासाहेबांनी घसा साफ केला. हिंमत गोळा करावयास पुष्कळ वेळ गेला. तोवर ठोंब्या वाट पाहून कंटाळला आणि आपल्या मर्जीने खाली बसला आणि जांभई देऊ लागला. तेव्हा दादासाहेब डोळे मिटोन गरजले, "बस!"

आणि डोळे उघडले तो ठोंब्या बसलेला.

"बसला," दादासाहेब म्हणाले.

"बसला की रे," बहीण म्हणाली, आणि लेकीकडे ऐशा नजरेने पाहिले की तिने तोंडातले शब्द गिळले. घराण्याची रीत ती, एका दिवसात सुटत नाही.

येणेप्रमाणे दादासाहेबांचा हुकूम सुटला आणि शत्रू बसलेला आढळला, इतके, दोन्ही गोष्टी खऱ्या म्हणोन, सेवकाने लिहिले. कोणती आधी घडली, हे धन्याने विचारिले नाही. मोहीम फत्ते जाहली. बहिणीच्या घरी जेवण करोन, एका पायात मोजा आणि एक पाय उघडा, ऐसी स्वारी परत फिरावयास उठली. आणि निघताना बहिणीने विचारिले की, दादा, पुन्हा कधी येशील? तर दादासाहेबांनी 'बघू' म्हटले नाही. "रविवारी," म्हणाले, आणि दुसरा मोजा काढून ठोंब्यापुढे टाकिला.