टोपी घालणारं प्रथिन

"माझं संशोधन मी शेंबड्या पोरालाही समजावून सांगतो!" असं धैर्यशीलनं गाडीत बसतानाच जाहीर केलं, तेव्हाच आकाराममामांनी त्याला आवरायला हवं होतं. पण कोल्हापूर सोडल्यावर मामा जे घोरायला लागले, ते वारणानगर आल्यावरच थांबले.

धैर्यशील पेशींमधल्या प्रथिनांवर पीएच.डी. करत होता आणि आज तेजस्वीला बघायला निघाला होता. तिचा फोटो त्यानं इतक्यांदा बघितला होता की फोन तापला होता!

तेजस्वीचे वडील उदयसिंह समोर बसले. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक लिंबू टिकावं!

"काय करताय पावणं?"

"काका, पेशीत ॲक्टिनचे बारीक धागे असतात. ते वाढले की पेशी हलते. त्यांनी कुठं थांबायचं, हे दुसरी प्रथिनं ठरवतात. त्यातलं टोपी घालणारं माझं!"

"काय घालणारं?"

"टोपी! चार वर्षं मी टोपी घालण्यावरच काम करतोय."

उदयसिंहांचा पोह्यांचा चमचा वाटेतच थबकला. "किती जणांना घातली?"

"मोजदाद न्हाय! एका थेंबात कोटीच्या कोटी!"

"शिकवलं कुणी?"

"आमच्या नृसिंह सरांनी. उभ्या जन्मात त्यांनी दुसरं काही केलंच न्हाय!"

"आन सरकारला ठावं हाय?"

"सरकारच करायला लावतंय की!"

उदयसिंह लाल झाले. धैर्यशीलला वाटलं, विषय अवघड जातोय, प्रात्यक्षिक हवं. तो उठला, मामांच्या डोक्यावरची पांढरी टोपी उचलली, "समजा, काका, तुम्ही धागा," म्हणाला आणि ती उदयसिंहांच्या डोक्यावर ठेवली.



"घातली!" दारातून तेजस्वीच्या बयाबाईआत्या ओरडल्या. "घरात येऊन घातली की गं बया!"

उदयसिंह टोपीसकट उभे राहिले. मामांनी चपला शोधायला नजर टाकली.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन तेजस्वी आली. "आबा, बसा. शिवताना शेवटाला गाठ मारून दोरा थांबवतो न्हवं? तसं ते प्रथिन धागा थांबवतंय. हे गाठ म्हणायचं सोडून टोपी म्हणत बसलेत."

उदयसिंहांनी टोपी काढून मामांच्या हातात दिली आणि ते बसले. मिशीला पीळ देऊन म्हणाले, "पोरगा साधा हाय. फसवणारा माणूस एवढं अवघड बोलत न्हाय! काय गं, पसंत हाय?"

"त्यांचं काम समजलं," तेजस्वी म्हणाली. "पण पाऊण तास झाला, मी काय करते ते ह्यांनी इचारलं न्हाय."

धैर्यशील अर्धवट उठला. "क... काय करता आपण?"

"पुढच्या येळी सांगते," म्हणून ती आत गेली.

पुढच्या येळी! धैर्यशील तरंगतच गाडीत बसला. मामांनी काच वर केली, टोपी नीट बसवली आणि म्हणाले, "पुढच्या येळी मी बोलतो. तू नुस्ता च्या पी."