बारावं फडकं

आजोबांनी बॉनेट उघडलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि त्यांना आजोबा होऊन चारच दिवस झाले होते. नात दुपारी चारला हॉस्पिटलमधून घरी यायची होती. तिला आणायची गाडी आतून झाडून झाली होती, बाहेरून पुसून झाली होती, मागच्या सीटवर धुतलेली चादरही घालून झाली होती. मग त्यांची नजर इंजिनाकडे गेली. नऊ वर्षांची धूळ आणि तेल मिळून तिथे काळी साय धरली होती.

"बाळ इंजिनात बसणार आहे का?" आजींनी विचारलं.

"पहिल्यांदा घरी येतेय ती. गाडी कशी सगळीकडून स्वच्छ हवी!"

ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला स्वच्छतेविरुद्ध बोलणं जड जातं. आजींनी सरळ सूत्रं हातात घेतली. इंजिन गार असल्याची हात लावून खात्री केली, बॅटरीची तार काढायला लावली. फ्यूजचा डबा, अल्टरनेटर आणि इंजिनात हवा शिरते ते तोंड, अशा तीन ठिकाणी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून घेतल्या. आदल्या दिवशी त्यांनी एका जुन्या मऊ चादरीचे चोवीस तुकडे करून इस्त्री केली होती. त्यातले बारा लंगोट म्हणून मोजून बाळाच्या बॅगेत ठेवले होते. उरलेला गठ्ठा त्यांनी आजोबांच्या हातात दिला.

"बारा फडकी आहेत. बारा परत यायला हवीत."

काम झकास झालं. आजोबांनी फवारा मारला, रंगाच्या ब्रशने कोपरे घासले, जुन्या टूथब्रशने त्याहून बारीक कोपरे घासले, तांब्याने बेताबेताने पाणी घातलं. काळं पाणी फाटकापर्यंत ओघळलं. एका झाकणावर काहीतरी सूचना छापलेली आहे हे नऊ वर्षांनी कळलं. पुसून पुसून अडीचच्या सुमाराला इंजिन असं चकाकायला लागलं, की आजोबा दोनदा चार पावलं मागे जाऊन बघून आले. आजोबा स्वतः मात्र पावलांपासून कोपरापर्यंत काळे झाले होते आणि त्यांना घरात यायला बंदी होती.

आजींनी पिशव्या सोडवल्या. तीन. मग टबात टाकलेली वापरलेली फडकी मोजली. पुन्हा मोजली.

"अकरा."

"असेल इथेच कुठेतरी. वाऱ्याने उडालं असेल."

"सकाळपासून पान हललेलं नाहीये."

"मग राहू दे ना! साडेतीनला निघायचंय आपल्याला."

"मोजणी जुळल्याशिवाय बंद करायचं नाही," आजी म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत, रुग्णाच्या पोटात फडकं राहू नये म्हणून, मोठमोठ्या सर्जननाही ऐकवलं होतं, आणि सर्जन हातातली सुई खाली ठेवून थांबले होते. आजोबांनी बॉनेटवरचा हात काढला.

टॉर्च आला. आजोबांनी इंजिनाची प्रत्येक फट तीनतीनदा पाहिली. मग समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक आला, कारण गाडीखालचं झाकण काढून बघायचं ठरलं.

"काय सिस्टर, एका फडक्यासाठी?" तो हसत म्हणाला. "मी एकदा अख्खा पाना आत विसरलो होतो. ती गाडी अजून पळतेय."

"पाना इंजिनाच्या पट्ट्यात गुंडाळला जात नाही. फडकं जातं. मग भर रस्त्यात गाडी बंद, आणि मांडीवर चार दिवसांचं बाळ."

मेकॅनिक हसायचा थांबला आणि मुकाट्याने गाडीखाली शिरला.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलाचा फोन आला. "आई, निघालात ना? चारला खोली सोडायचीय."

"निघतोच आहोत."

"बाबा म्हणाले इंजिन उघडं आहे?"

"बंद करतोच आहोत," आजी म्हणाल्या आणि बाळाची बॅग शेवटची तपासायला आत गेल्या.

आजोबांनी विचार केला. इंजिनात काहीही नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फडकं कुठेही असो, आत नव्हतं. पण हे तिला पटवायला संध्याकाळ गेली असती. घरात जाऊन कपाट उघडावं, तर पावलांचे ठसे उमटले असते. ते गाडीआड गेले, शर्ट काढला, अंगातलं बनियन काढलं, त्याची पाठ टरकन फाडली, बादलीतल्या काळ्या पाण्यात बुचकळली आणि टबात सोडली. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून ते पुढे आले, तेव्हा मेकॅनिक गाडीखालून बाहेर येत होता.

"खाली काही नाही, साहेब. सिस्टरच चुकल्या असतील."

"ती नाही हो चुकत," आजोबा म्हणाले. "चौतीस वर्षांत एकदाही नाही. तिने अकरा म्हटलं म्हणजे अकरा."

खिडकीच्या आत आजींच्या हातात लंगोटांची चळत होती आणि ती तेराची होती. इस्त्रीने दोन तुकडे एकमेकांना असे चिकटले होते, की काल त्यांनी दोहोंचा एक मोजला होता. बाहेरचा गठ्ठा तर मोजलाच नव्हता. चोवीसांतून बारा गेले म्हणजे उरले बारा, असं धरून चालल्या होत्या. त्या सांगायलाच निघाल्या होत्या. तेवढ्यात "एकदाही नाही" कानावर पडलं. मग तेरावा लंगोट त्यांनी पदराखाली घेतला, मागच्या दाराने अंगणात आल्या, गाडीच्या मागच्या चाकावर तो खसाखसा पुसला आणि दोघांची पाठ वळलेली पाहून टबात टाकला.

तोपर्यंत मेकॅनिकलाही घाई झाली होती. गॅरेजवर गिऱ्हाईक ताटकळत होतं. आजोबा बॅटरीची तार लावायला वाकले आणि आजी बॅग आणायला परत आत गेल्या, तेव्हा त्याने मागच्या खिशातलं आपलं फडकं सहज टबात सारलं.

आजी बॅग घेऊन बाहेर आल्या.

"एकदा परत मोजू या का?" तिघंही एकदम म्हणाली आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

आजी मोजायला लागल्या. "...दहा, अकरा, बारा."

आजोबांनी सुस्कारा सोडला. आजींचा हात मात्र टबातच होता.

"तेरा."

मेकॅनिक आकाशाकडे बघायला लागला.

"चौदा."

कमी भरलं तर काय करायचं, हे आजींना झोपेतही सांगता आलं असतं. जास्त भरण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी मेकॅनिकच्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं. मग आजोबांच्या घामाने अंगाला चिकटलेल्या शर्टाकडे पाहिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लावा बॉनेट."

आजोबांनी हातपाय धुतले आणि गाडी सुरू केली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. कोपऱ्यावर वळल्यावर त्यांनी हळूच विषय काढला.

"चौदाला तू बरोबर म्हणालीस."

"एक तुमच्या बनियनचं. एक मेकॅनिकचं."

"बरं. राहिली बारा. पण होती तर अकरा. मग बारावं कुठून आलं?"

आजींनी मांडीवरच्या बॅगेची चेन उघडून परत लावली.

"बाळाच्या बॅगेतून," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती."

आजोबा इतके हसले, की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.

"हे मी सगळ्यांना सांगणार!"

"सांगा. मग मीही सांगेन, नातीला आणायला हा माणूस बनियन न घालता गेला होता."

हॉस्पिटलच्या दारात मुलगा आणि सून उभे होते. सव्वाचार झाले होते, पण बोलणी खायची वेळ आली नाही. सुनेने गाठोडं आजींच्या हातात दिलं. आजींनी दुपटं अलगद बाजूला केलं आणि सवयीप्रमाणे मोजायला घेतलं, आधी हातांची बोटं, मग पायांची. बाळाने एक जांभई दिली.

"वीस," आजी समाधानाने म्हणाल्या.

"नीट मोज," आजोबा त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "बावीस नाहीत ना?"