बिनगळाचे शेटे

दर रविवारी संध्याकाळी आमच्या काँडोतले, म्हणजे सोसायटीतले, शेटे पंधरा फुटी काठी घेऊन जलाशयाच्या काठावर उभे राहतात. दोन्ही हातांनी काठी फिरवून लांबलचक दोरी पाण्यावर फेकतात. बघणाऱ्याला वाटतं, आता मासा लागणार. कसला लागतोय! दोरीच्या टोकाला गळ नसतो, लाल लोकरीचा तुकडा असतो.

शेटे मूळचे सोलापूरचे. जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर आम्ही एकाच कंपनी बसने जातो. ते सेफ्टीत, मी मेंटेनन्सला. घरात अंडंसुद्धा येत नाही आणि या गृहस्थांना नाद लागला तो सामन माशाचा, जो थंड देशांतल्या नद्यांत राहतो.

एकदा जलाशयाच्या रखवालदाराने त्यांना हटकलं. "अंकल, हिअर फिशिंग कॅनॉट!"

शेटेंनी लोकर दाखवली. "नो हुक. प्रॅक्टिस ओन्ली. फॉर सामन."

"सामन इन सुपरमार्केट लाह, अंकल!"

शेटेंवर कशाचाही परिणाम होत नाही. समोरचा माणूस सापडला की "थांबा, मुळातून सांगतो" म्हणून सुरू होतात. मला बसमध्ये सांगितलं, "एका हाताने फेकायचं तर दोरी आधी मागे जाते आणि झाडात अडकते. म्हणून दोन हात. दोरी पाण्यावरच वळवायची आणि पुढे सोडायची. वरचा हात म्हणजे सासरा, नुसता मिरवतो. खालचा हात सून. सगळं तीच ओढते."

हेच त्यांनी घरी सांगितलं, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एवढं मात्र खरं बोललात."

वहिनींचं दुःख निराळं. डायनिंग टेबलाच्या कडेला शेटेंनी एक छोटा शिकंजा बसवलाय. त्यात गळ धरून त्यावर रेशीम आणि पिसं गुंडाळतात, की झाली माशाला भुलवायची माशी. मंडळाच्या गणपतीच्या मखरातलं मोरपीससुद्धा त्यांनी पळवलं. वर म्हणाले, "बाप्पाला विचारलंय." आणि मासा लागला तर? "सोडून द्यायचा. शाकाहारच झाला की!"

मी भरपूर हसून घेतलं. मग एका रविवारी त्यांनी काठावर माझ्या हातात फोन दिला. "व्हिडिओ काढा. निखिलला पाठवायचाय. रविवारी तिकडे सामन धरायला बंदी, नदीला सुट्टी असते, मोकळा असेल."

मी चपापलो. निखिल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. स्कॉटलंडमधली इंजिनिअरची नोकरी सोडून तिथल्याच एका नदीवर पाहुण्यांना सामन पकडायला शिकवतो. दोन वर्षं बापाशी बोललेला नाही, फोन फक्त आईला.

"मी म्हणालो होतो त्याला," शेटे पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढं शिकवलं ते माश्या मारायला का? त्यानं फोन ठेवला. मग म्हटलं, तो करतो तरी काय, बघावं. एक माशी बांधायला मला तीन तास लागतात हो. मारणं सोपं होतं."

मला माझ्याच हसण्याची लाज वाटली.

पाच वेळा चित्रीकरण झालं. चार वेळा लोकर माझ्या कानावर आली. पाचवा व्हिडिओ त्यांनी पाठवला आणि आम्ही बाकावर बसलो. खुणा निळ्या झाल्या. पुढे काहीच नाही. शेटेंनी दोरी गुंडाळली, परत सोडवली, परत गुंडाळली. "कामात असेल," ते तिसऱ्यांदा म्हणाले. सुट्टी आहे हे मघाशी त्यांनीच सांगितलं होतं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. एकच ओळ होती. "अप्पा, उजवा पाय पुढे घ्या."

बाकी ना नमस्कार, ना कसे आहात. मला वाटलं, शेटे हिरमुसणार. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ओळ पुन्हा वाचली.

"रागावलाय अजून," ते म्हणाले. "पण पायापर्यंत बघितलं हो त्यानं."

उठले, उजवा पाय पुढे घेऊन काठावर उभे राहिले. काठी उचलायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.